उगारलेला हात

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

गेल्या वर्षी दत्तजयंतीच्या सप्ताहात, पारायणाच्या पहिल्याच दिवशी माझं वाचन मध्येच अडलं. तीस-एक वर्षं मी श्रीगुरुचरित्राचं पारायण करतो आहे. बँकेत असताना रजा राखून करत होतो, निवृत्तीनंतर निवांत करतो. ओव्या तोंडात अशा बसल्या आहेत की डोळे पोथीवर असतात आणि मन कधी कधी दुधाच्या हिशोबात असतं. महाराजांपासून काय लपवायचं? पण गेल्या वर्षी आठव्या अध्यायात एका जागी जीभ थांबली. शेजारच्या आसनावरच्या काकूंनी पाण्याचं भांडं पुढे केलं. त्यांना वाटलं, ठसका लागला. ठसका नव्हता.

संपादक मंडळी दरवर्षी लेख मागतात आणि मी दरवर्षी वाडीच्या नाहीतर गाणगापूरच्या यात्रेवर दोन पानं लिहून देतो. यंदा विषय वेगळा आहे. मुलांना मारावं का, हा. दत्तजयंतीच्या अंकात हे कुठून आलं, असं काहींना वाटेल. तर ते पोथीतूनच आलं. मी काही विद्वान नव्हे. बी.कॉम. होऊन अडतीस वर्षं बँकेत कारकुनी केलेला माणूस. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्यावे.

आठवा अध्याय आपण शनिप्रदोषाचा अध्याय म्हणून ओळखतो. श्रीपाद श्रीवल्लभ कुरवपुरास असतानाची कथा. एक वेदशास्त्र जाणणारा ब्राह्मण, त्याची पत्नी अंबिका. मुलं होऊन जगत नव्हती. एक जगला, तो मंदबुद्धीचा निघाला. मुंज झाली, वडील स्वतः शिकवायला बसले. मुलाच्या डोक्यात काही शिरेना. वडील संतापून मारू लागले. आईला ते बघवेना. एवढ्या सायासाने राहिलेलं एकच पोर, ते नाही शिकलं तर नाही शिकलं, पण पुन्हा याला मारलंत तर मी प्राण देईन, असं तिने नवऱ्याला बजावलं. नवऱ्याने नाद सोडला. पुढे तो वारला. मायलेक भिक्षेवर दिवस काढू लागले. लोक मुलाला हिणवू लागले. शेवटी दोघं कृष्णेत जीव द्यायला निघाले, तिथे नदीकाठी श्रीपाद श्रीवल्लभ भेटले. त्यांनी परावृत्त केलं, शनिप्रदोषाचं माहात्म्य सांगितलं, मुलाच्या मस्तकावर हात ठेवला आणि तो मुलगा विद्वान झाला.

मी अडलो तो वडिलांपाशी. इतकी वर्षं या कथेत मला आईचं दुःख दिसायचं, मुलाचं भाग्य दिसायचं, महाराजांची कृपा तर दिसायचीच. वडील दोन-चार ओव्यांत येतात आणि जातात. त्यांच्याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. ते का गेलं, ते पुढे सांगतो.

आमच्या देवळाच्या पारावर काकड आरतीनंतर आम्ही तिघं-चौघं बसतो. त्यात एक निवृत्त गुरुजी आहेत, पंचाहत्तरी ओलांडलेले, आवाज अजून खणखणीत. त्यांच्यापाशी मी विषय काढला. ते म्हणाले, "तुम्ही उलटं वाचताय साहेब. आईने हात धरला म्हणून पोर अडाणी राहिलं. बापाला आणखी दोन वर्षं शिकवू दिलं असतं तर नदीवर जायची वेळ आली नसती."

मुद्दा उडवून लावण्यासारखा नव्हता. घरी येऊन मी अध्याय पुन्हा वाचला. मार चालू होता तेव्हाही विद्या आलेली नव्हती. मार थांबला म्हणून ती गेली, असं पोथी कुठेच म्हणत नाही. आली ती डोक्यावर ठेवलेल्या हाताने आली. दुसऱ्या दिवशी हे गुरुजींना सांगितलं, तर म्हणाले, "तो हात श्रीपाद श्रीवल्लभांचा होता. तुमचा-माझा नव्हे." हेही खरंच.

पण आणखी एक गोष्ट आहे. ही अंबिका पुढच्या जन्मी कारंज्याला अंबा म्हणून जन्मली आणि तिच्या पोटी श्रीनृसिंहसरस्वती आले. पोथी याचं कारण शनिप्रदोषाच्या पूजनाचं सांगते आणि ते शिरसावंद्य आहे. तरी माझ्या मनात आपलं आलं, की महाराजांनी आई म्हणून जी निवडली, ती मारणाऱ्या हाताच्या आड उभी राहिलेली बाई होती. त्याच अध्यायात उज्जयिनीच्या गवळ्याच्या मुलाची कथा आहे. तो राजाची पूजा बघून दगडगोट्यांची पूजा मांडतो आणि त्याची आई जेवायला येत नाही म्हणून रागाने ती पूजा मोडून टाकते. शंकर प्रसन्न होतात ते त्या पोरावर. म्हणजे एका अध्यायात दोन पालक रागावलेले आहेत आणि दोन्ही वेळा देव पोराकडे गेलेला आहे. हे माझं कारकुनी वाचन. जाणकारांनी हसू नये.

गुरुजींची बाजू मी अर्धी सांगितली तर पाप लागेल. ते म्हणतात, "एका खोलीत दोन इयत्ता, सत्तर पोरं, पावसाळ्यात गळकं छप्पर. छडी नसती तर फळ्याकडे एकाने बघितलं नसतं. आणि पालक स्वतः येऊन सांगायचे, गुरुजी, हवं तेवढं मारा, फक्त डोळे सांभाळा. आज तीच पोरं रस्त्यात भेटली की पाया पडतात."

पाया पडतात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मीही माझ्या गुरुजींच्या पाया पडत होतो. आमच्या वेळी निरगुडीचा ओला फोक असायचा, अंगठे धरून उभं करायचे, पट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर मारायचे. छडीची आणि विद्येची ती म्हण आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ झाली होती. आणि आमच्या पिढीत कुणालाही विचारा, तो अभिमानाने सांगतो की आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो.

चौथीत माझ्या शेजारी एक मुलगा बसायचा. नाव लिहीत नाही. तोंडी हिशोबात वर्गात पहिला. पण वाचायला उभा केला की अडखळायचा, अक्षरं मागे-पुढे करायचा. आज अशा मुलांसाठी वेगळं शिकवणं असतं म्हणतात. तेव्हा त्याला माजलेला म्हणत. रोज त्याचा हात पुढे, रोज फोक. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आलाच नाही. पुढे वीस-बावीस वर्षांनी मी कर्ज विभागात असताना म्हशीच्या कर्जासाठी तो माझ्या टेबलापुढे उभा राहिला. ओळख पटली, चहा झाला, जुन्या गप्पा झाल्या. व्याजाचा आकडा त्याने माझ्या आधी तोंडी सांगितला. मी अर्जावर सही करायला पेन पुढे केलं. तो हसला आणि डाव्या हाताचा अंगठा पुढे केला. शाईच्या पॅडवर तो अंगठा मीच टेकवला.

तो कुणाच्या पाया पडायला येणार? आम्ही घडलो म्हणतो तेव्हा हजेरीत फक्त टिकलेले असतात. बुडीत खाती वगळून नफा दाखवला तर ऑडिटर सही करत नाही, एवढं मला कळतं.

आता माझ्या घरचं. हे लिहू की नको यावर मी महिनाभर घालवला आहे.

१९९५ सालचा फेब्रुवारी. मी कॅशला होतो. पगाराचा आठवडा, त्यात बाजाराचा दिवस. संध्याकाळी कॅश जुळवताना हजार रुपये कमी. तीनदा मोजले. हजार रुपये म्हणजे दहाच्या नोटांचं एक अख्खं पाकीट. कुणाला तरी जास्त गेलं होतं. कॅशमधली तूट कॅशियरने भरायची, आणि हजार रुपये तेव्हा लहान रक्कम नव्हती. वरिष्ठ सगळ्यांसमोर जे बोलले ते इथे लिहीत नाही. बसने घरी पोचलो तेव्हा साडेआठ वाजले होते. टेबलावर मुलाचं प्रगतिपुस्तक पडलेलं. उघडलं. चाचणी परीक्षेत गणितात पंचवीसपैकी सात. आणि खाली पालकाची सही. माझी सही, मी न केलेली.

वाचकहो, मी सोळा वर्षं नमुन्याच्या कार्डाशी सह्या ताडून बघणारा माणूस. वळण बरोबर उचललं होतं, शेवटची रेघ मात्र थरथरली होती. दुसऱ्या कुणाच्या मुलाने केली असती तर कौतुक वाटलं असतं. त्या रात्री माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. कपाटावर लेजरमध्ये रेघा मारायचा गोल लाकडी रूळ होता, तो घेतला. किती मारले ते मोजले नाहीत. दिवसभर नोटा मोजणाऱ्या माणसाने तेवढंच मोजलं नाही. मुलगा दहा वर्षांचा, पाचवीत. उजव्या हाताने तोंड झाकून उभा होता, म्हणून डाव्या हातावर आणि पाठीवर बसले. आमची ही स्वयंपाकघरातून धावत आली, मध्ये पडली, "अहो, पुरे करा, जीव घेताय का पोराचा?" तेव्हा थांबलो. जेवलो नाही. पण झोपताना मला वाटत होतं की मी केलं ते बरोबरच केलं. सही खोटी करणं म्हणजे काय, हे त्याला आयुष्यभर लक्षात राहील.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास धान्याचे एक व्यापारी काउंटरवर आले. "साहेब, काल एक पाकीट जास्त आलंय तुमचं. रात्री गल्ला लावताना कळलं." मला रडू आलं. घरी जाताना पेढे घेतले, दत्ताच्या तसबिरीपुढे ठेवले, घरात वाटले. मुलालाही दिला. त्याने घेतला, खाल्ला. मला वाटलं, मिटलं.

आता हिशोब मांडून बघा. मुलाची चूक खरी होती. लहान नव्हती. पण त्या दिवशी कॅश जुळली असती तर मी काय केलं असतं? ओरडलो असतो, फार तर एक चपराक दिली असती, आणि दुसऱ्या दिवशी गणित घेऊन बसलो असतो. म्हणजे रुळाचे ते फटके सहीचे किती आणि हजार रुपयांचे किती? वरिष्ठांना मी उत्तर देऊ शकत नव्हतो. व्यापारी कोण ते माहीत नव्हतं. घरात उलट उत्तर देऊ न शकणारं एकच माणूस होतं, तूट त्याच्या नावे टाकली. व्यापाऱ्याने पैसे परत आणल्यावर माझी नोंद उलटी फिरली. पोराची तशीच राहिली.

आणि त्याने सही केली का? हे मी त्या रात्री विचारलंच नाही. पुढे तो कॉलेजला असताना सहज बोलता बोलता कळलं. आधीच्या चाचणीत दहा मार्क पडले होते तेव्हा मी कान पिळून भिंतीशी उभा केला होता. सात म्हटल्यावर काय होईल, या भीतीने त्याने तीन दिवस रफ वहीवर माझी सही गिरवली होती. म्हणजे खोटी सही माराने सुटली नाही, मारापायीच सुरू झाली.

हे मला बँकेत आधीच कळायला हवं होतं. एका शाखेत साहेब असे होते की चुकीचं व्हाउचर सापडलं की फाईल अंगावर फेकायचे. त्या शाखेत चुका कमी नव्हत्या, त्या दडवलेल्या असायच्या. फरक बाकीत सोडून द्यायचे, मार्चएंडला एकदम वर यायचं आणि मग रात्री बारा-बारापर्यंत बसायचं. दुसऱ्या शाखेतले साहेब चष्मा काढून म्हणायचे, "बरं, किती वाजता लक्षात आलं? चला, शोधू." तिथे माणूस स्वतः उठून सांगायला जायचा की साहेब, माझ्या हातून असं झालंय. ते मऊ नव्हते हं. चूक दुरुस्त झाल्याशिवाय घरी सोडत नसत. आम्ही त्यांना घाबरत नव्हतो, पण त्यांच्यापुढे चूक घेऊन जायची लाज वाटायची. धाक धाक म्हणतात तो बहुतेक हाच असावा.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. शाळेत मारायला बंदी आहे. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्याच्या १७ व्या कलमात शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही मना आहेत. दुसरा शब्दही लक्षात ठेवावा. हल्ली पुष्कळ घरांत हात उचलत नाहीत, पण शेजारच्या मुलाचे टक्के रोज जेवणाबरोबर वाढतात, नाहीतर आई चार-चार दिवस अबोला धरते. ते वळ दिसत नाहीत, एवढंच. घरात मारू नये असा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. क्रौर्य केलं तर गुन्हा आहे, पण बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालकाने सद्भावनेने केलेल्या गोष्टीला जुन्या दंड संहितेच्या ८९ व्या कलमात संरक्षण होतं, आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेच्या २७ व्या कलमात ते तसंच आहे. स्वीडन देशाने १९७९ मध्ये घरातही बंदी घातली, जगात सर्वांत आधी. त्यात वेगळी शिक्षा ठेवली नाही. दुधाच्या खोक्यांवर माहिती छापली, म्हणजे सकाळी आई-वडील आणि मुलं एकाच टेबलावर ते वाचतील. ही युक्ती मला आवडली. आपल्याकडे दुधाच्या पिशवीवर कोण वाचतो म्हणा.

पण सद्भावना हा शब्द मला टोचतो. त्या रात्री मला कुणी विचारलं असतं तर मीही शपथेवर सांगितलं असतं, की सद्भावनेने मारलं.

पारावर दुसरी जी प्रमाणं निघतात त्यात ते संस्कृत सुभाषित हमखास असतं. पाच वर्षं लाड करावेत, दहा वर्षं ताडन करावं, सोळावं लागलं की मुलाला मित्र मानावं. म्हणणाऱ्याला मधलं तेवढं पाठ असतं. दहा वर्षं ज्याला बदडलं तो सोळाव्या वाढदिवसाला सकाळी उठून मित्र कसा होणार, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. दुसरं कुंभाराचं. बाहेरून थापटी मारतो पण आतून हाताचा आधार देतो, तसा गुरू. दृष्टांत सुंदर आहे. आमच्या गावच्या कुंभारवाड्यात मी लहानपणी तासन्‌तास बसत असे. तो आतला हात खरोखर असतो. पण एक गोष्ट दृष्टांत देणारे विसरतात. कुंभाराला मडक्याचा राग आलेला नसतो.

श्यामच्या आईचं मात्र मला खरंच अवघड जातं. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेलं ते पुस्तक आमच्या घरी देव्हाऱ्याखालीच असायचं. श्याम विहिरीत पोहायला घाबरून लपून बसतो, आणि ती माउली त्याला मारत मारत बाहेर काढते. भित्रा राहू नये म्हणून. नंतर जवळ घेते. ती चुकली असं म्हणायची माझी जीभ रेटत नाही. गुरुजींनी हे उदाहरण काढलं तेव्हा मी गप्पच बसलो. एवढंच म्हणेन, की तिच्या मनात त्या क्षणी श्यामच होता, दुसरं कुणी नव्हतं. आणि मी? ज्या दिवशी मारलं त्या रात्री मी वळांना तेल लावायला गेलो नाही. ते हिने लावलं.

आता गेल्या मे महिन्याचं, ज्यामुळे पुढे मार्गशीर्षात माझी जीभ अडली ते.

मुलगा आता चाळिशीचा, पुण्यात नोकरीला. सुट्टीत सगळे आले होते. नातू नऊ वर्षांचा. अंगणात बॉल खेळताना त्याने शेजारच्या वहिनींची जास्वंदीची कुंडी फोडली. वहिनींनी विचारलं तर म्हणाला, मांजराने पाडली. मी खिडकीतून सगळं पाहिलं होतं. आत आल्यावर मी विचारलं, तर माझ्यापुढेही मांजरच. डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलणारं पोर बघून माझा हात आपोआप वर गेला.

नातवाने माझ्या हाताकडे बघितलं. आणि हसून स्वतःचा पंजा वर केला. त्याला वाटलं, आजोबा टाळी मागतायत. त्याला आजवर कुणी मारलेलंच नाही. वर गेलेल्या हाताचा दुसरा अर्थ त्याला माहीत नव्हता.

मी हात तसाच धरून उभा राहिलो. आणि समोर सोफ्यावर पेपर वाचत बसलेल्या माझ्या मुलाकडे माझी नजर गेली. त्याने खांदे वर घेतले होते, मान आत ओढली होती, आणि डावा हात छातीशी घेतला होता. चाळीस वर्षांचा बाप्या. क्षणभरच. मग त्याने पेपर वर धरला.

नातवाने माझ्या पंजावर टाळी दिली आणि पळाला.

कुंडीचं पुढे काय झालं तेही सांगतो, नाहीतर वाचक म्हणतील आजोबा विरघळले आणि पोर सुटलं. सुटलं नाही. त्याच्या बापाने त्याला अंगणात नेऊन शेजारी बसवलं आणि मांजर कुठून आलं, कुठे उडी मारली, ते दाखव म्हणाला. दहा मिनिटांत मांजर संपलं. मग रोज सकाळी आमच्या बागेला पाणी घालायचं, त्याचे दिवसाला दहा रुपये, असे आठ दिवस. त्या पैशांतून कुंडी आणली, फांदी लावली आणि वहिनींकडे स्वतः नेऊन दिली, मीच फोडली होती हे सांगून. जाताना रडत होता. मी बापाला म्हटलं, "आठ दिवस घालवलेस. आमच्या वेळी आठ सेकंदांत आटपलं असतं." तो काही बोलला नाही. बोललो ते बोललो, पण माझं मलाच ऐकवेना.

रस्त्यावर धावणाऱ्या किंवा गॅसला हात लावणाऱ्या पोराचा दंड धरून ओढावं लागतं, ते वेगळं. त्यावर वाद नाही.

भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला अवधूत आपले चोवीस गुरू सांगतात. नाथमहाराजांनी त्याचा केवढा विस्तार केला आहे. पृथ्वी, वारा, समुद्र, अजगर, मधमाशी, आणि त्यातच एक लहान मूल. आपण सारे मुलाला काय शिकवायचं या चिंतेत, आणि दत्तमहाराज मुलापाशी शिकायला बसलेले. काय शिकले? मुलाला मान नाही, अपमान नाही, घरादाराची काळजी नाही, ते आपल्यातच रमलेलं असतं. याचा एक अर्थ मी वर्षानुवर्षं सोयीने लावला होता. मुलं मार विसरतात, तासाभराने पुन्हा मांडीवर येऊन बसतात. येतात, हे खरं. पण ते मांडीवर येणं हा त्यांचा मोठेपणा आहे. आपण तो आपल्या निर्दोषपणाचा दाखला म्हणून फाईलला लावतो.

म्हणून आठव्या अध्यायात अडलो. पोथीतले ते वडील मुलगा शहाणा व्हायच्या आत गेले. मुलाच्या डोक्यावरचा तो हात त्यांना बघायला मिळाला नाही, आणि मुलाशी दोन शब्द बोलायचं राहिलं असेल तर तेही राहून गेलं. मी अजून आहे.

सप्ताह संपला. जयंतीला मुलगा सहकुटुंब आला. संध्याकाळी देवळात जन्मकाळाची तयारी चालली होती. आमचं घर देवळाला लागून, गच्चीवरून मंडप दिसतो. मी त्याला वर बोलावलं. वाडीहून कुणी आणलेले पेढे हातात होते, त्यातला एक त्याला दिला. सत्तरीकडे आलेल्या बापाने मुलाशी असं कसं बोलायचं, याचा नमुना काही आमच्याकडे नाही. मी म्हटलं, "त्या सहीच्या वेळी मी फार मारलं तुला. चुकलो मी."

तो कठड्याला टेकून खाली बघत होता. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अण्णा, दुसऱ्या दिवशी तुम्ही पेढे आणले होते, आठवतं?"

"आठवतं."

"मला वाटलं होतं, माझ्यासाठी आणले. मारलं म्हणून. शाळेत मित्रांनाही सांगितलं मी. मग दोन दिवसांनी आईच्या बोलण्यातून कळलं, हजार रुपये सापडले म्हणून होते ते."

मला उत्तर सुचलं नाही. त्याने हातातल्या पेढ्याचे दोन भाग केले आणि एक माझ्या हातावर ठेवला. खालून नातवाने हाक मारली, "आजोबा, चला लवकर, पाळणा सुरू झाला." आम्ही दोघं खाली गेलो.